बद्द वाजणारी ठिगळं

ती. बाबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. जेवण चांगलं आहे, तब्येत ठणठणीत आहे. आईला इथवरच वाचून दाखवा. पुढचं तुमच्यापुरतं.

काम तेच. विमानतळाच्या काँक्रीटवर दुरुस्तीची ठिगळं मारलीत, ती हातोडीने ठोकून बघायची. ठिगळ घट्ट धरून असेल तर टणकन वाजतं, खालून सुटलं असेल तर बद्द. सुटलेलं उखडून नव्याने भरायचं, नाहीतर त्याचा तुकडा एक दिवस इंजिनात जायचा.

बाबा, मला हल्ली बद्द ऐकूच येत नाही. सगळी ठिगळं सारखीच वाजतात. दिवसभर बाजूने विमानं जातात. कानात घालायला बोंडं दिलीत, पण ती घातली तर हातोडी कशी ऐकू?

साहेबांना सरळ सांगितलं, कान गेले, दुसरं काम द्या. पाठीवर थाप मारून मोठ्याने म्हणाले, "कशाला रे? हल्ली तुझे रिपोर्ट एकदम क्लीन येतात."

साचेखात्यात मागांच्या खडखडाटात तुमचे कान गेले, तेव्हा मिलमध्ये कुणाला त्याचं काही वाटलं नाही. माझे गेले, तर साहेब खूश आहेत.

घोडपदेवला पाणी नीट येतं का? आईचे गुडघे कसे आहेत? आणि तुमचं ते कानाचं मशीन, कटकट म्हणून कपाटात टाकलेलं, कुणाला देऊन टाकू नका.

तुमचा,
गुरुनाथ