वहिनींचं पिस्तूल डावीकडे मारतं

४ मार्च
वहिनींचं पिस्तूल डावीकडे मारतं, असं वहिनींचं म्हणणं. पंचवीस मीटरवर पाच गोळ्या, पाचही डावीकडे. दर गोळी आधीच्यापेक्षा जरा लांब. निवड चाचणी वीस तारखेला.
"भावजी, मागच्या महिन्यात तुम्ही ते उघडलंत, तेव्हापासून सुरू झालंय."
बावीस वर्षं क्लबची हत्यारं दुरुस्त करतोय. बिघाड पिस्तुलात कमी, हातात जास्त असतो. तरी ठेवून जा म्हणालो.

६ मार्च
नळी घासली. मॅगझिन बदललं. तीन प्रकारची काडतुसं मारायला दिली. फरक शून्य.

७ मार्च
आज सोक्षमोक्ष. पिस्तूल टेबलावरच्या शिकंज्यात आवळलं — माणसाच्या हाताचा प्रश्नच नको. दहा गोळ्या, सगळ्या बाटलीच्या बुचाएवढ्या जागेत! कागद वहिनींपुढे ठेवला. "हात हलतो तुमचा."
त्यांनी कागदाची घडी घातली, पर्समध्ये टाकली. मला वाटलं, पटलं.

८ मार्च
पटलेलं नाही. जेवताना माझ्याशी सगळं बोलणं भिंतीमार्फत. "ज्यांचा हात हलत नाही त्यांना पाणी द्या कुणीतरी."

११ मार्च
पुरावाच दाखवू म्हटलं. मॅगझिनमध्ये मधेच एक बिनदारूचं काडतूस लपवलं. बार होणार म्हणून माणूस आधीच दचकतो. बार झाला नाही की नळी खाली जाते आणि चोरी पकडली जाते.
वहिनींनी घोडा दाबला. खट्. नळी तसूभर हलली नाही. पुन्हा तसंच.
"आता तुम्ही, भावजी."
माझ्या नळीनं चांगला वाकून मुजरा केला. शेजारी उभ्या क्लबच्या प्रशिक्षक बाई खोकल्या. खोकला नव्हता तो.

१२ मार्च
आंघोळ करताना डोक्यात आलं — शिकंज्यात नेम धरतो कोण? कुणीच नाही. मग नेम धरायची मागची खाच मी तपासलीच कुठे?
क्लबवर जाऊन नखानं ढकलली. सरकली. स्क्रू ढिला. दर गोळीच्या धक्क्यानं खाच डावीकडे चाललेली. आणि तो स्क्रू मीच बसवलेला.
आवळला. वहिनींना सांगितलं. "बरं," म्हणाल्या. चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

२० मार्च
वहिनी पहिल्या आल्या. मी टाळ्या वाजवल्या, मागच्या रांगेतून.

२१ मार्च
'हात हलतो' सांगून आजवर ज्यांना घरी पाठवलं, त्यांची यादी करायला बसलो. सगळ्यांची पिस्तुलं शिकंज्यातच तपासली होती. अकरा नावं झाली. बाराव्याला पेन अडलं — दादा. माझा सख्खा थोरला भाऊ, वहिनींचा नवरा. नऊ वर्षांपूर्वी माझ्या शब्दावर त्यानं पिस्तूल विकून टाकलं.
बाहेरच्या खोलीत गेलो. दादा शर्टाचं तुटलेलं बटण शिवायला बसला होता.
"उद्या क्लबवर येशील?"
"मी कशाला? माझा हात हलतो," म्हणाला, आणि पहिल्याच झटक्यात सुईत दोरा ओवला.