गोगलगाय मंडळाचं लग्न आणि वरपक्षाची फजिती

कुमासी,
रविवार, चर्चहून आल्या आल्या

ती. मामांच्या सेवेशी,

भाचा क्वाबेना याचा तुमच्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार. (दुखणारा उजवा की डावा हे विसरलो, म्हणून दोघांना सारखाच.) कोकोच्या बिया वाळल्या का? रेडिओ दुरुस्त करून आणलात का, की अजून त्याला थापडा मारूनच बातम्या ऐकता? जेवणाचं काय चाललंय? मागच्या खेपेला सकाळी उकडलेलं केळं आणि संध्याकाळी तेच केळं गार, असा प्रकार पाहिला होता. फोनच केला असता, पण तुम्ही फोन नेमका बहिऱ्या कानाला लावता आणि वर मलाच म्हणता, पोरा, तोंडातला घास गिळून बोल. शिवाय जे सांगायचं आहे ते तुम्ही मधे न बोलता ऐकायला हवं. पत्र फाडता येतं, पण त्याच्या मधे बोलता येत नाही, म्हणून पत्र.

गोगलगायी पाळणाऱ्यांचं आमचं इंटरनेटवर एक मंडळ आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. (तुम्ही त्याला रिकामटेकड्यांचा बाजार म्हणता. असो.) एके काळी तिथे पाय ठेवायला जागा नसे. गोगलगायींना पपईचा पाला घालावा की अळूचा, यावरून माणसं एकमेकांच्या आजोळाचा उद्धार करायची. मग सगळे आपापल्या व्हॉट्सॲपवर पांगले आणि मंडळात आम्ही तिघे उरलो. प्रमुख अम्पोन्सा मास्तर, मी, आणि ओबुआसीचे एक गृहस्थ, जे दर आठवड्याला 'कोणी आहे का?' असं लिहितात आणि उत्तर यायच्या आत निघून जातात. त्यात मंडळाचं सगळं लिखाण ज्या कॉम्प्युटरमध्ये आहे तो मास्तरांच्या मुलाच्या खोलीत, आणि मुलगा निघाला कॅनडाला. खोली जाणार, कॉम्प्युटर भंगारात जाणार. मंडळ बुडालं तर मी दोन दिवस हळहळलो असतो आणि विसरलो असतो. पण त्यात आईची उत्तरं आहेत, मामा. कुणाच्या गोगलगायीने स्वतःचीच अंडी खाल्ली, कुणाच्या गोगलगायीचं कवच तडकलं, तुमच्या बहिणीने एकालाही उत्तर दिल्याशिवाय सोडलं नाही, आणि दोन ओळी गोगलगायीवर लिहिल्या की चार ओळी माणसाच्या तब्येतीवर. ती गेल्यापासून मी ती उत्तरं रोज थोडी थोडी वाचतो. ती पुसली गेली तर मला चालणार नाही. एवढं ध्यानात ठेवा आणि पुढे वाचा.

आता सुन्यानीलाही असंच एक मंडळ आहे आणि तेही आमच्यासारखंच आटलेलं. पण त्यांच्या प्रमुख बाईंचं खानावळीच्या मागे मासळीचं कोल्डस्टोरेज आहे, तिथे जनरेटर कधी बंद पडत नाही, आणि त्याच खोलीत मंडळाचा नवाकोरा कॉम्प्युटर मजेत गारव्याला बसलेला असतो. मास्तरांचं म्हणणं, जागा त्यांची वापरू, पण मंडळं वेगळी, पाट्या वेगळ्या, मान वेगळा. बाईंचं म्हणणं, येणार असाल तर पुरते या, माझी खोली म्हणजे धर्मशाळा नव्हे. इथे घोडं अडलं. मी म्हटलं, मास्तर, हे माझ्यावर सोडा. (माझा हा गुण आईकडून आला, की तुमच्याकडून, यावर पुन्हा कधीतरी.)

मास्तर पडले प्रमुख. प्रमुखाने प्रमुखाशी थेट बोलायचं म्हणजे आपल्याकडे अब्रूच गेली. तेव्हा दरबारात असतो तसा एक ओच्येआमे हवा, जो राजाचं पुटपुटणं ऐकून चारचौघांत साजूक शब्दांत मांडतो. तो मी झालो. मास्तर मला फोनवर म्हणाले, त्या बाईला सांग, तुझ्या लोकांना गोगलगायीचं डोकं कुठलं नि शेपूट कुठलं हे कळत नाही. मी सुन्यानीला लिहिलं, आमचे प्रमुख म्हणतात, तुमच्या सभासदांची जिज्ञासा दांडगी आहे. बाई म्हणाल्या, त्या मास्तराला सांग, त्याच्या मंडळापेक्षा माझ्या फ्रीजरमधली मासळी जास्त बोलते. मी मास्तरांना सांगितलं, बाईंना तुमचा शांत स्वभाव आवडला. असं महिनाभर चाललं. शेवटी मास्तर नवीन शर्ट शिवायला टाकून आले, तेव्हा मला कळलं की माझं काम जरा जास्तच चांगलं झालंय.

मग मी ठरवलं की ही सोयरीकच समजायची आणि रीतीने दार ठोठावायला, म्हणजे मागणी घालायला जायचं. आता दोन मंडळांत नवरा कोण आणि नवरी कोण? मास्तर कडाडले, आपण नवरा. घराला नाव नवऱ्याचं लागतं, आपली पाटी वर राहील. मलाही पटलं. (मामा, इथेच हसू नका, पुढे आणखी आहे.) श्नॅप्सच्या बाटल्या घेतल्या, खांद्यावरून कापड टाकलं आणि सुन्यानी गाठलं. बाईंच्या बाजूने म्हाताऱ्यांनी विचारलं, कुणीकडे आलात? मी म्हटलं, तुमच्या बागेत एक फूल पाहिलं, त्यासाठी आलोय. म्हातारे म्हणाले, बागेत तर गोगलगायी आहेत, फुलं त्यांनीच खाल्ली. बोलणी इथेच फिसकटायची, पण बाई हसल्या आणि निभावलं. मग रीतीप्रमाणे नवरीला तीनदा विचारायचं, ही दारू घेऊ का? नवरी म्हणजे अख्खं मंडळ, तेव्हा बाईंनी मंडळावर तीनदा प्रश्न टाकला आणि आम्ही सगळे फोनकडे बघत बसलो. पहिल्या वेळी कुणीतरी लिहिलं, घ्या. दुसऱ्या वेळी त्यानेच विचारलं, कोणती आहे? तिसऱ्या वेळी उत्तर आलं, 'कोणी आहे का?' ओबुआसीचे गृहस्थ त्यांच्याही मंडळात आहेत, हा शोध तेव्हा लागला. म्हाताऱ्यांनी तो होकार धरला आणि बाटली फोडली.

जेवायला फुफूचे गोळे आणि गोगलगायींचा रस्सा. मास्तर तिसरं वाढण घेत होते, तेव्हा बाई हात पुसत म्हणाल्या, आता मुलांचं बोलू या. मास्तर म्हणाले, कुठली मुलं? बाई म्हणाल्या, अहो, तुमच्या मंडळातलं जुनं सगळं लिखाण. लग्न झालं, नवरी मी, आणि मुलं कुणाच्या कुळाची? मामा, मास्तरांच्या हातातला गोळा हातातच राहिला. आपण आशांती. मूल आईच्या कुळाचं, हे आपल्याकडे रांगतं पोरही सांगेल. माझ्यावर हक्क तुमचा, बापाचा नव्हे, हे तुम्ही मला कान धरून शिकवलंत. आणि आम्ही दोघे दीडशहाणे पाटीच्या नादात वाजतगाजत नवरा होऊन गेलो आणि अख्खी प्रजा नवरीच्या पदरात घालून, वर स्वतःची श्नॅप्स पाजून आलो. परतीच्या वाटेवर टेचीमनला गाडी थांबली तेव्हा मास्तर म्हणाले, गाढवा, नवरी व्हायचं होतं.

माझ्या मते मात्र सगळं उत्तम झालंय. पाटी सुन्यानीची लागली, लागू दे. आईची उत्तरं गारव्याला, जनरेटरच्या आसऱ्याला राहतील. मास्तरांचा राग मी उतरवीन, ते माझ्याकडे लागलं. तेव्हा तुम्ही कसलीही काळजी करू नये, गुडघ्याला शियाबटर चोळावं आणि केळं निदान गरम करून खावं.

तुमचा आज्ञाधारक (जेव्हा आज्ञा पटते तेव्हा),
क्वाबेना

ता. क. एक बारीकशी अडचण राहिली. बाकी सगळ्यांचं लिखाण हलवून झालं, पण वारलेल्या बाईच्या सामानाला, म्हणजे आईच्या उत्तरांना, कुळातल्या वडीलधाऱ्याने येऊन 'घ्या' म्हटल्याशिवाय हात लावणार नाही, असं सुन्यानीच्या बाई म्हणतात. आमच्या कुळात वडीलधारे तुम्हीच. मास्तरांचा मुलगा या महिनाअखेरीला खोली सोडतोय. तेव्हा गुरुवारी पहाटेची गाडी पकडा. मी स्टँडवर न्यायला येतो, मग पुढे सुन्यानीला दोघे जाऊ.

आणखी एक. बाईंचं नाव पत्रात मुद्दाम लिहिलं नव्हतं, नाहीतर तुम्ही तिसऱ्याच परिच्छेदाला पत्र चुलीत घातलं असतं. अकोसुआ सेर्वा. होय, आपलीच सेर्वा मामी, जिला तुम्ही आंघोळीच्या टबात गोगलगायी ठेवते म्हणून माहेरी धाडलंत. आता पत्र खाली ठेवा, पाणी प्या आणि मग शेवटचं वाचा.

शेवटचं. हे तुम्हाला सांगायचं नाही, अशी मामीने मला शपथ घातलीय. आईची उत्तरं तिने पहिल्याच दिवशी हलवून घेतली, बाकी सगळ्यांच्या आधी. एकही ओळ गेलेली नाही. म्हणजे तुम्ही नाही आलात तरी काही बिघडत नाही. या.