सात नंबरचा शिक्का

पप्पा, तुमचा सात नंबरचा शिक्का आता माझ्याकडे आहे. तुम्ही गेल्यावर महाप्याच्या कंपनीने मला तुमच्या जागी घेतलं आणि वायरमनचे रबरी हातमोजे तपासायचं तुमचंच टेबल दिलं; तपासून पास झालेल्या मोज्यावर हा शिक्का मारायचा. तुम्ही ते काम कसं करायचात ते अजून दिसतं. मोजा पाण्याच्या टाकीत ठेवून करंट सोडायचा, हे मशीनचं काम. ते झाल्यावर तुम्ही मोज्याचं तोंड गुंडाळून आत हवा कोंडता, फुगलेला मोजा गालाजवळ धरून दाबता आणि डोळे मिटता. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी गालाला वारा लागतो. डोळे मात्र तुम्ही प्रार्थनेसाठी मिटायचात, त्या मोज्यात ज्याचा हात जाणार त्याच्यासाठी.

दहावीत दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा मी बायबल शाळेत जायचं ठरवलं होतं. जुईनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही डबा भरत होतात. मी म्हणालो, "पप्पा, मला देवाची सेवा करायची आहे." तुम्ही वर न बघता विचारलंत, "सेवा करायचीय की गणितापासून पळायचंय?" मम्मी हसली. मला राग आला. तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि म्हणालात, "पाळक हो, नाहीतर झाडू मार, माझी ना नाही. पण प्रभू फक्त रविवारी हजेरी घेतो असं समजू नकोस." ते मी वहीत नीट अक्षरात लिहून ठेवलं. मी सगळंच लिहून ठेवतो.

गेल्या महिन्यात करंटचं मशीन बंद पडलं. माल न्यायला आलेली गाडी गेटवर उभी होती. निदान गालाला लावून बघतो, म्हणालो, तर सुपरवायझर म्हणाला, "पाद्रीबुवा, प्रवचन रविवारी. आत्ता शिक्का मार."

"सर, आत माणसाचा हात असणार."

"अरे, टेन्शन कशाला घेतोस? मागचा माल पास झाला ना? हा पण त्याच साच्यातला आहे. तुझे पप्पा असते तर एव्हाना संपवलं असतं."

तेवढंच पुरलं. मी खोका उघडला आणि एकेका मोज्यावर तुमचा शिक्का मारला, सरळ, शाई पसरू न देता.

खोका कुठे गेला ते मी विचारलं नाही. नेरूळला जाताना रस्त्याकडेला कुणी विजेची पेटी उघडून बसलेला दिसला की मी त्याच्या हातांकडे बघतो. लांबून नंबर वाचता येत नाही. मॅनेजरना सांगितलं तर खोका परत मागवता येईल, आणि माझी नोकरी जाईल. घर त्यावरच चालतं. न सांगता कुणाला काही झालं, तर मोज्यावर तुमचा नंबर निघेल. परवा रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. मी नोकरीबद्दल प्रभूचे आभार मानले. सगळे आमेन म्हणाले, मम्मी सगळ्यांत मोठ्याने.

उद्या सकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये जाईन, असं लिहून हे पत्र संपवणार होतो. पण याच वहीत याआधीची तीन पत्रं आहेत, तिन्ही तुम्हांलाच, आणि तिन्हींच्या शेवटी हेच वाक्य आहे. प्रार्थनेत मी ही गोष्ट अजून काढलेली नाही. तुम्हांला लिहिणं सोपं जातं, पप्पा. गेलास का, असं तुम्ही दुसऱ्या दिवशी विचारत नाही.