डाव्या वळणाचा वेल

आये,

गुंद गावच्या आपल्या शेतावरचं रान या थंडीत वाळून मोकळं झालंय. पानं गळालेले रानकंदांचे वेल झाडांना नुसते दोरीगत वेढून राहिलेत. ते बघितले की तुझा तो दिवस डोळ्यांपुढं उभा राहतो. तू वेलाला बोट लावून म्हणतेस, "ह्यो उजव्या अंगानं चढलाय, ह्यो आपला. त्यो डाव्या अंगाचा. मी असल्याबिगर त्येचा कंद उकरायचा न्हाई." मी शहाणपणा करते, पलीकडून बघितलं तर डाव्याचा उजवा होईल की! तू रागावत नाहीस. "जा, बघून ये." मी झाडाला वळसा घालून जाते, आणि वेल तसाच! तू तुटका तुकडा उलटा करून माझ्या हातात देतेस, तरी वळण तेच. अंगावर काटा आला होता माझ्या, आणि आज लिहितानाही येतोय. बिनडोळ्यांच्या वेलाला आपली वाट कोण दाखवत असेल?

डाव्या वळणाचा तो कंद घसा जाळणारा, तसाच खाल्ला तर जिवावर बेतणारा. तू त्याचे पातळ काप राखेच्या पाण्यात उकडायचीस, दुरडीत भरून व्हाळाच्या वाहत्या पाण्यात ठेवायचीस, आणि पाणी त्याचं विष काढून न्यायचं. मग पहिला काप तू एकटी खायचीस. आम्ही ताटं घेऊन ताटकळत बसायचो, आणि ऊन पार कलल्यावर तू वाढायला घ्यायचीस. एवढी गोड चव मी पुन्हा कशात चाखली नाही.

तू गेल्यापासून त्या वेलाच्या बुडाशी मी कुदळ लावली नाही. तुझा शब्दच तसा होता. यंदा माझ्या मुलीला वेल दाखवला, तुझं वाक्यही ऐकवलं. ती म्हणाली, "मग आता तू हाईस न्हवं?" मी कुदळ आणली. कंद उकरला, आणि तुझ्यासारखंच वेलाकडचं टोक परत मातीत पुरलं.

आज काप व्हाळातून काढून आणलेत. मुलगी ताट घेऊन चुलीपाशी बसलीय, सारखी विचारतेय, आणि मी तिला थांब म्हणून हे लिहितेय. पहिला काप मी खाल्लाय. घसा शांत आहे. ऊन कललं की तिला वाढीन, आणि हा कागद चुलीत घालीन. त्याआधी एक सांगते. तू पहिला काप तोंडात टाकायचीस ना, तेव्हा मला वाटायचं, आईला भूक आवरत नाही.