धूपछाव कापडाची जबाबदारी

२ मार्च, सोमवार.
लोरीनच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत. ऑपरेशन मे महिन्यात. तोवर सगळं पातळ कॉफीतून बघितल्यासारखं दिसतं, असं ती म्हणते. मला डोळ्यांची काळजी नाही. त्याला डॉक्टर आहे. काळजी आहे गोधडीची. गावच्या आगीच्या बंबासाठी चर्चच्या बायका दर जूनमध्ये एक गोधडी लिलावात काढतात, आणि तिचं कापड एकोणीस वर्षं लोरीनच निवडते. आज जेवताना म्हणाली, "यंदा मर्लला सांगते. त्याला रंगाची जाण आहे."
मर्ल हिल्टी. गुरांचा डॉक्टर होता, आता निवृत्त आणि विधुर. हिवाळ्यापासून बायकांत बसून गोधडी शिवतो. बसतो तो नेमका लोरीनच्या शेजारी. आमच्या लग्नाआधी त्याने तिला दोनदा नाचायला नेलं होतं. मला त्याचं काहीच वाटत नाही. एक्कावन्न वर्षं झाली त्या गोष्टीला.
मी म्हणालो, कापड मी निवडतो. लोरीन इतकी हसली की तिला कवळी धरावी लागली.

३ मार्च.
माझी पात्रता शांतपणे लिहून काढतो. शाळा आठवीपर्यंत, हे खरं. पण पशुखाद्याच्या गिरणीत अडतीस वर्षं काढली. पूर्वी खाद्य फुलाफुलांच्या सुती पोत्यांत यायचं आणि बायका त्या पोत्यांचे झगे शिवायच्या. म्हणजे अर्ध्या ओहायोचं सुती कापड माझ्या खांद्यावरून गेलंय. मर्लच्या हाताखालून काय गेलं? गाई.
संकल्प: मर्लविषयी या वहीत लिहायचं नाही.

५ मार्च.
लोरीन तयार झाली. मी दोन दिवस जेवताना काही बोललो नाही, त्याचा परिणाम. (ती म्हणते, तिच्या ते लक्षातच आलं नाही.) काय आणायचं ते तिने तीनदा सांगितलं. पाठीमागची जमीन काळी, साधी. चौकोन धूपछाव कापडाचे. त्यात उभा धागा निळा असतो आणि आडवा तांबडा, म्हणून कापड हललं की रंग बदलतो. तिसऱ्यांदा सांगताना तिने मला ते परत म्हणायला लावलं. मी काय लहान मूल आहे?

७ मार्च, शनिवार.
बर्कहोल्डरबाईंच्या दुकानात गेलो. ती माणसं आमिश पंथाची, जुन्या चालीने राहणारी, त्यामुळे दुकानात वीज नाही. छताच्या काचेतून येईल तेवढाच उजेड. धूपछावचा एकच तागा होता, सुंदर जांभळा. सहा वार घेतलं. गाडीत ठेवलं आणि बघतो तर गंजका तांबडा! भरदिवसा, डोळ्यांदेखत फसवणूक. परत आत गेलो.
बाई म्हणाल्या, "मिस्टर वर्ट्झ, कापड तेच आहे. तुम्ही ते फिरवून धरलंत."
मी सांगितलं की मी अडतीस वर्षं पोत्यांत काढली आहेत. त्या म्हणाल्या, "हो ना. पोतं कसंही धरा, पोतंच दिसतं."
याचा अर्थ मला लागला नाही. पण मी हललो नाही. शेवटी कापड घेऊन त्या पडद्याआड गेल्या आणि नीट घडी घालून दुसरं घेऊन आल्या. जांभळं! कडक बोलावं लागतं. मर्लला हे जमलं नसतं.

८ मार्च.
घरात ते राखाडी दिसतंय. दिव्यांचा दोष. सगळे बल्ब बदलले. शेवटचा बदलताना स्टुलावरून उतरलो. लोरीन म्हणते, पडलो.

१६ मार्च.
पाठ. काही लिहिण्यासारखं नाही. मर्ल विचारपूस करायला आला आणि नूडल्सचं भांडं ठेवून गेला. खारट होतं. दोनदा वाढून घेतलं, फक्त खात्री करायला.

३० मार्च.
उद्यापासून कापायला घेणार. लोरीनच्या सूचना: कापडाचा काठ नेहमी डाव्या हाताला ठेवायचा. सगळे चौकोन एकाच दिशेने कापायचे. "हार्लन, ऐकतोयस ना? एकाच दिशेने." मी हो म्हणालो. मनात म्हणालो, चौकोनाला काय डोकं आणि पाय असतात?

३१ मार्च.
गॅरेजमध्ये दार लावून कापायला बसलो. आत बसलं की लोरीन दर दोन मिनिटांनी "काठ कुठे आहे?" विचारते. आडवे-उभे फिरवून कापले तर प्रत्येक वारात तीन चौकोन जास्त निघतात, हा माझा स्वतःचा शोध. बर्कहोल्डरबाईंनी पुढे कधी विचारलं तर सांगेन.
दुपारी मर्ल आला. गोल पात्याची कात्री घेऊन आला होता. म्हणाला, "हार्लन, ही वापर, सरळ जाते. मी धरू का कापड?" मी कात्री ठेवून घेतली आणि त्याला ट्रॅक्टरच्या सीटवर बसवलं. तासभर गाईच्या बाळंतपणाचे किस्से सांगत बसला. लोरीनला घरात त्याचं हसू ऐकू येत होतं. रात्री म्हणाली, "आज खूप दिवसांनी गॅरेजमध्ये गंमत चालली होती." मी एकटा असतो तेव्हाही असते.

२३ एप्रिल.
लोरीनने हाताच्या अंदाजाने सगळे चौकोन मशीनवर जोडले. दिसत नाही, तरी एकही टाका वाकडा नाही. म्हणाली, "कडा छान सरळ कापल्यात." मी काही बोललो नाही. मोठेपणा असाच असतो.
मला आता खात्री आहे की यंदा मर्लची गरज कोणालाही भासणार नाही.

६ मे, बुधवार.
चर्चच्या तळघरात गोधडी लाकडी चौकटीवर ताणली. दिवे लावले. बायका गप्प. मला वाटलं, भारावल्या. मग मंडळाच्या प्रमुख डॉर्कस म्हणाल्या, "अगं बाई! हे काय झालंय? अर्धे चौकोन जांभळे आणि अर्धे गंजलेल्या पत्र्यासारखे!"
लोरीन खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "काय गं? मला नीट दिसत नाहीये. काय झालं?"
"चौकोन उलटसुलट कापलेत, काय होणार! कोणी कापले हे?"
सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. लोरीनचंसुद्धा. तिला दिसत नव्हतं तरी तिने बरोबर माझ्याच दिशेला मान वळवली. माझा असा काही विचार नव्हता, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो. माझं ब्लडप्रेशर वाढलं असावं.
म्हणालो, "डॉक्टरांनी."
मर्ल तिकडे इंडियानात मुलीकडे गेलाय. दोन आठवडे नाही. लोरीन हळूच म्हणाली, "अरेरे. बिचारा मर्ल." मीही त्याची बाजू घेतली. म्हणालो, वय झालं की माणसाचा हात चळतो.

७ मे.
झोप नाही. रविवारी चर्चनंतर सगळ्यांसमोर उभं राहून खरं सांगणार. पुरुषासारखं.

१० मे, रविवार.
पाठ.

१२ मे.
लोरीनच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. उत्तम झालं.

१३ मे.
पट्टी काढली. घरी आली आणि म्हणाली, "आपली भिंत पांढरी आहे?" मग माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "तो शर्ट तू अजून घालतोस?"

२० मे, बुधवार.
ऑपरेशननंतर लोरीन पहिल्यांदा तळघरात आली. मी दाराजवळच उभा राहिलो, म्हणजे काही झालं तर गाडी काढायला बरं. ती चौकटीभोवती एक फेरी फिरली. मग उलटी फिरली. मग वाकून बघितलं, लांब जाऊन बघितलं. मी गाडीची किल्ली हातात घेतली.
ती म्हणाली, "एकोणीस वर्षांत हे मला सुचलं नाही."
डॉर्कस म्हणाल्या, "काय नाही सुचलं?"
"अगं, इथून बघ, जांभळा. इकडे ये. आता? पेटला की नाही? चाललं की गोधडी आपल्याबरोबर चालते. एकाच कापडाचे दोन रंग! सगळे चौकोन एका दिशेने कापले असते तर मेलं असतं हे."
सगळ्या बायका फेऱ्या मारायला लागल्या. डॉर्कस म्हणाल्या, "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होते, यात काहीतरी आहे."
लोरीनने डोळे पुसले. तिला थेंब घालायची वेळ झाली होती. म्हणाली, "गुरं तपासणारा माणूस, आणि केवढी नजर!"
मी तोंड उघडलं. पण सगळ्या एकदम बोलत होत्या.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
लोरीनला सांगितलं. स्पष्ट शब्दांत. चौकोन मी कापले, सगळे मी कापले, मर्ल ट्रॅक्टरवर बसला होता.
तिने माझ्या हातावर हात ठेवला. म्हणाली, "हार्लन, सगळ्यांसमोर तूच सांगितलंस ना, डॉक्टरांनी कापले म्हणून? मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला होता. त्याच्यावर जळत असूनही खरं बोललास. आता ते बिघडवू नकोस रे."

२७ मे.
मर्ल परतला. बायकांनी त्याला मध्ये बसवून रूबार्बची पाई खायला घातली. तो प्रामाणिक आहे, हे मान्य करावं लागेल. म्हणाला, "मी नाही हो कापले. मी नुसता बसलो होतो. सगळं हार्लनचं काम."
मी मान ताठ केली.
डॉर्कस म्हणाल्या, "बघा! याला म्हणतात विनय." लोरीन म्हणाली, "स्वतः केलं, आणि श्रेय हार्लनला देतोय. माझ्या नवऱ्याला बरं वाटावं म्हणून!" आणि तिने मर्लच्या हातावर हात ठेवला. माझ्या हातावर ठेवला होता त्याहून जास्त वेळ. मी मोजलं नाही, पण भिंतीवर घड्याळ होतं.
गोधडीच्या मागे कापडी चिठ्ठी शिवली: रचना, डॉ. मर्ल हिल्टी. शिलाई, लोरीन वर्ट्झ. दोन नावं, एकाखाली एक.

१३ जून, शनिवार.
लिलाव. बंबाच्या शेडमध्ये ही गर्दी. आमची गोधडी शेवटी काढली. स्टेजवर ती दोन टोकांना धरून उभं राहायला दोन उंच माणसं लागतात. एकच मिळाला, म्हणून लोरीनने माझं नाव सुचवलं. आवडीने धरली. हात वर आणि गोधडी पुढ्यात. मला तिची पाठ तेवढी दिसत होती, साधी काळी.
पुकारणाऱ्याने मर्लचं नाव घेतलं आणि त्याला उभं राहायला सांगितलं. अख्खी शेड टाळ्या वाजवत होती. लोरीनची शिट्टी मी ओळखली. ती दोन बोटं तोंडात घालून शिट्टी वाजवू शकते, हे मी तरुणपणानंतर विसरूनच गेलो होतो.
टाळ्या थांबेनात, म्हणून मी जरा डोकं बाजूला काढून बघितलं. पुकारणारा माइकमधून म्हणाला, "डाव्या बाजूचे आजोबा, थोडी उंच धरा. तुम्ही दिसताय."
उंच धरली.