तीन बोटांचं माप

३ नोव्हेंबर २००९, मंगळवार

साहेबरावांनी नवी भूलतज्ज्ञ ठेवली आहे. बेबीनंदा. जाफराबादकडची, मास्तरांची मुलगी, तिशीचीही नसेल. हे मला कोणी सांगितलं? दूधवाल्यानं. ज्या सर्जनच्या दवाखान्यात मी निवृत्त होईपर्यंत भूल दिली, त्याला एक फोन करता आला नाही.

आणि म्हणे ती ऑपरेशनआधी रोग्याच्या गळ्यावर सोनोग्राफी करते! पोटातलं बाळ बघायचं यंत्र गळ्यावर! झोपवल्यावर श्वासाची नळी सहज जाईल की अडेल, ते पडद्यावर कळतं म्हणे. मला ते खिडकीच्या उजेडात कळायचं.

५ नोव्हेंबर

न राहवून गेले. निमित्त ब्लडप्रेशरचं. गर्भलिंग तपासणी रोखण्याच्या सरकारी नियमामुळे यंत्र खोलीबाहेर नेता येत नाही, म्हणून रोगीच तिथे चालत जातात. ती मुलगी गळ्यावर जेली लावते, पडद्यावर राखाडी पट्टे हलतात, आणि साहेबराव मागे हात बांधून उभे — शाळकरी पोरासारखे. माझ्या वेळी घड्याळ बघायचे. "कौसल्याबाई, झालं का?" तिला म्हणतात, "घाई नको, डॉक्टर."

मला बघून उठून उभी राहिली. "मॅडम, तुमच्याबद्दल खूप ऐकलंय." गेलेल्या माणसाबद्दल ऐकतात तसं. कार्ड दिलं. घरी येऊन केरात टाकलं.

इंग्रजी स्वच्छ बोलते. मला ते कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी छड्या मारून शिकवलं. ही जिल्हा परिषदेच्या शाळेतून घेऊन आली. हे जास्त खुपलं.

८ नोव्हेंबर, रविवार

परतूरहून बद्रीनाथ आला, गिरिजाबाईला घेऊन. भावजयीच्या पित्ताशयात खडे आहेत. ऑपरेशन साहेबरावांकडेच, पण आमच्या घराण्याचा रिवाज आहे — माझ्या खिडकीशी बसून गळा दाखवल्याशिवाय कोणी ऑपरेशनच्या टेबलावर चढत नाही. आजोबांपासून भाच्यापर्यंत सगळे याच खुर्चीत बसले.

तोंड उघडवलं, जीभ बाहेर काढवली. मान मागे टाकवून हनुवटी आणि कंठमणी यांच्यामध्ये माझी तीन बोटं आडवी लावली. बसली. तीन बसली की नळी जाते. हे माप माझं आयुष्यात कधी चुकलं नाही.

"सोपा गळा आहे," म्हटलं.

गिरिजाबाई म्हणाली, "वन्सं, तुमचा हात लागला की मला भ्याव वाटत न्हाई. पण किती वाळल्या तुम्ही! जेवून राह्यल्या ना बराबर?"

साखर आहे मला, म्हटलं. जेवले तरी अंगी लागत नाही.

१० नोव्हेंबर

त्या मुलीनं गिरिजाबाईच्या गळ्यावर यंत्र फिरवलं आणि सांगितलं — अवघड आहे! कातडीपासून श्वासनळीपर्यंत मांस जाड, जीभ मोठी. आधी झोपवून नळी घालायची नाही. औरंगाबादला न्या, तिथे जागेपणी दुर्बिणीनं घालतील.

बद्रीनाथ फोनवर म्हणाला, "ताई, तू सोपा म्हणालीस ना? मंग झालं. मशीनचं कोण ऐकतं?"

बिलकुल कोणी ऐकू नये. आज मला दोन पोळ्या जास्त गेल्या.

११ नोव्हेंबर

"मी इथे भूल देणार नाही," असं ती साहेबरावांना तोंडावर म्हणाली म्हणे. हे मला कधी जमलं नव्हतं.

१२ नोव्हेंबर

साहेबरावांचा फोन. आवाज मधासारखा. "कौसल्याबाई, तुमच्या भावाचा हट्ट आहे. सोमवारी तुम्हीच या ना. एक दिवस."

मी! विचार करून सांगते म्हटलं. विचार केलाच नाही. हिरवा गाऊन ट्रंकेत आहे का बघितला. आहे.

१४ नोव्हेंबर

ती दारात. एकटी. चहा विचारला नाही.

"मॅडम, एकदा माझ्याबरोबर पडद्यावर बघा. मग तुम्ही म्हणाल तसं."

"माझे डोळे माझ्या बोटांत आहेत."

"औषध दिल्यावर त्यांचा श्वास थांबणार. नळी गेली नाही तर—"

"हे मला शिकवू नकोस. तू बालवाडीत होतीस तेव्हापासून मी देतेय भूल."

"मग सोमवारी मला शेजारी उभं राहू द्या. गळ्याला छेद घ्यायची तयारी ठेवते. लागली नाही तर बरंच."

"माझी फजिती बघायला?"

"न्हाई मॅडम," म्हणाली. तेवढ्यात तिचं जाफराबाद बाहेर आलं. "त्यांना जगवायला."

दार लावून घेतलं. कडीही घातली. राग, दुसरं काय.

१५ नोव्हेंबर, रविवार

उद्याची तयारी. पहिल्या पगाराची अंगठी ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी साबण लावून काढायची — ती कधी सहज निघालीच नाही. मोरीत बसले. साबण हातात घेण्याआधीच अंगठी गळून टणकन् खाली पडली.

उचलली. पुन्हा घातली. हात खाली केला. पुन्हा पडली.

शिवणाची टेप आणली. तीन बोटं तिच्यावर आडवी ठेवली. पूर्वी साडेपाच सेंटिमीटर पुरी भरायची. आज पाचलाही कमी.

गिरिजाबाईच्या गळ्याशी बसली होती ती ही बोटं.

बद्रीनाथला फोन केला. उद्या काही नाही, औरंगाबादला न्यायचं. तो म्हणाला, "ताई, तूच तर—" मी म्हटलं, "मीच सांगतेय."

मग दवाखान्यात लावला. साहेबरावांनीच उचलला. "बोला, कौसल्याबाई."

"तुमच्याशी नाही," म्हटलं. "डॉक्टर बेबीनंदांना द्या."