हरलं कोण?

नरडाणा, रविवार संध्याकाळ

आपण पुन्हा हरलो. मुद्दाम 'आपण' लिहिते आहे, कारण आबा तसं म्हणाले नाहीत. शेवटची विकेट पडली तसे ते उठले, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "हारनात त्या."

त्या. म्हणजे ते लोक, कोणीतरी परके. मागे जिंकलो तेव्हा हेच आबा गल्लीभर जिलेबी वाटत "आपन जिकनूत" म्हणत होते.

मी टीव्ही परत लावला. "आबा, आपन हारनूत म्हना."

"मी कोठे खेळाले गयथू?"

"जिकनूत तवय गयथात का?"

जिंकलो तेव्हा तरी कुठे खेळायला गेला होतात, हे ऐकून आई भाकरी थापता थापता हसली. आबा बाहेर निघून गेले.

राग संघाचा आहेच. अशी फलंदाजी करतात का? पण जास्त राग त्या 'त्या'चा. मी बी.ए. झाले, घरातली पहिली, तेव्हा आबा सगळ्यांना सांगायचे, "आपन ग्रॅज्युएट व्हयनूत." तलाठ्याच्या परीक्षेत राहिले, तेव्हा पाहुण्यांना म्हणाले, "ती नापास व्हयनी." मी आतून ऐकत होते.

बक्षीस समारंभ संपेपर्यंत हटले नाही. दुसऱ्यांच्या हातातला कप डोळे भरून पाहिला. हरलेल्यांनी तोही पाहावा, उठून जाऊ नये.

आबा परत आले, शेजारी टेकले. पडद्याकडे बघतच म्हणाले, "मंग, आपली परीक्षा कवय शे?"

आपली.

तलाठ्याच्या पुढच्या परीक्षेची तारीख सांगितली. आणि बजावूनही ठेवलं, "नापास व्हयनूत तरी आपनच."